घर कोणाच्या हाती द्यावे? : ठेक्याच्या इतिहासातील काही पाने

घर वाढवायचे ठरले म्हणजे नागपूरचा माणूस ‘ठेकेदार’ शोधू लागतो. पुण्याकडचा माणूस त्याच कामासाठी ‘कंत्राटदार’ शोधतो, नांदेड-लातूरकडे ‘गुत्तेदार’ शोधतात आणि जुन्या कागदपत्रांत ‘मक्तेदार’ भेटतो. व्यवहार एकच, पण शब्द चार आणि चारही निरनिराळ्या वाटांनी मराठीत आलेले. ठेका हिंदीच्या शेजारातून आला, गुत्ता कन्नड-तेलुगूच्या शेजारातून, मक्ता अरबी-फारसी राज्यकारभारातून आणि कंत्राट पोर्तुगीज-इंग्रजी वळणाने. ज्याच्यावर ज्याचे राज्य किंवा ज्याचा ज्याच्याशी शेजार, त्याचा शब्द त्याने उचलला. या चौघांच्या पलीकडे एक पाचवा शब्द आहे आणि तो मात्र घरचा वाटतो : ‘उक्ते’. रोजावर न देता सबंध काम एका रकमेला ठरवून देणे म्हणजे उक्ते देणे. ‘उक्त’ म्हणजे बोललेले. त्याच्याशी या शब्दाचे नाते उघड दिसते. काम बोलून ठरले, एवढेच त्यात आहे. कागद, साक्षीदार, मुदत, दंड यांपैकी काहीही त्या शब्दात नाही.

या शब्दांचे पुढे भाषेत काय झाले हे पाहण्यासारखे आहे. ‘धर्माचे ठेकेदार’, ‘संस्कृतीचे ठेकेदार’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात गौरव नसतो. ‘मक्तेदारी’चा अर्थ इतका पालटला आहे की मक्ता म्हणजे मूळचा एक साधा करार होता, हे आज सांगावे लागते. ‘कंत्राटी’ हे विशेषण नोकरीला लागले की त्या नोकरीचा भरवसा संपतो. ज्याच्या हाती आपण आपले घर सोपवतो त्या माणसाविषयी मराठी भाषेने असा प्रतिकूल निकाल का दिला असावा? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा इतिहासाच्या अंगाने थोडा शोध घ्यायचा आहे. प्रश्न केवळ शब्दांचा नाही. मुलाच्या लग्नापूर्वी वरचा मजला व्हावा म्हणून भविष्य निर्वाह निधीची सारी शिल्लक ज्या व्यवहारात ओतली जाते, तो व्यवहार आयुष्यात बहुधा एकदाच होतो आणि त्याचे शिक्षण मात्र कोठेही मिळत नाही.

१. जेव्हा निवड नव्हती

गावगाड्यात ‘सुतार कोणता निवडावा’ हा प्रश्नच नव्हता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथाने परिचित करून दिलेल्या व्यवस्थेत सुताराचे काम हे वतन होते. अवजारांची दुरुस्ती बलुत्यात येई. घराचे मोठे काम निघाले तर त्याची मजुरी वा शिधा वेगळा ठरे. पण माणूस ठरलेलाच असे. बाहेरचा सुतार आणावा तर गावच्या सुताराच्या हक्काला बाध येई. दगडकामासाठी वडार, बांधकाम-मातीकामासाठी बेलदार अशा फिरत्या जमाती येत. त्यांचे काम मोजून घेतले जाई आणि मोजून पैसे चुकते होत.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिने कारागिराला जातीशी जखडले आणि कौशल्याला स्पर्धा मिळू दिली नाही. परंतु एक गोष्ट तीत होती. ज्याने आढे चढवले तोच माणूस, आणि त्याच्यामागे त्याचा मुलगा, पुढच्या पावसाळ्यात गावातच असे. घर गळले तर तो सापडे. निवड नव्हती, पण संबंध होता. पुढच्या काळात निवड आली आणि संबंध गेला. ठेक्याचा सारा इतिहास हा त्या गेलेल्या संबंधाची जागा कशाने भरून काढायची, याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे असे म्हणता येईल.

राजसत्तेला मात्र हा प्रश्न फार पूर्वीच पडला होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौथ्या अधिकरणाच्या आरंभीच ‘कारुकरक्षण’ हे प्रकरण येते. कारागिरांनी स्थळ, काळ आणि काम निश्चित करून मगच काम हाती घ्यावे. मुदत टळली तर वेतनाचा चौथा हिस्सा कापावा आणि त्याच्या दुप्पट दंड करावा, असे तेथे सांगितले आहे. आजच्या करारनाम्यातील विलंबाचे कलम ते हेच. रोमन वास्तुविद व्हिट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागाच्या प्रस्तावनेत एफिसस नगरातील एक जुना कायदा नोंदवला आहे. सार्वजनिक काम हाती घेणाऱ्या वास्तुविदाने खर्चाचा अंदाज आधी जाहीर करावा आणि काम पुरे होईपर्यंत त्याची मालमत्ता तारण राहावी. खर्च अंदाजाबरहुकूम झाला तर त्याचा सन्मान व्हावा. एक चतुर्थांशापर्यंत वाढला तर वाढ सरकारने सोसावी. त्याहून वाढला तर ती त्याच्या मालमत्तेतून वसूल व्हावी. असा कायदा खासगी घरांनाही असता तर किती बरे झाले असते, असे व्हिट्रुव्हियस म्हणतो. दोन हजार वर्षांनंतर नागपुरात घर बांधणारा कोणीही गृहस्थ त्याच्याशी सहमत होईल.

आपल्याकडील आदर्शही याच संदर्भात पाहावा. रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर हिरोजीचे नाव कोरलेले आहे. गड बांधणाऱ्याचे नाव देवळाच्या पायरीवर असावे, येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय त्यावर पडावा, यातली नम्रता मराठी मनाला भावली. पैसे कमी पडले तेव्हा हिरोजीने आपले घरदार विकून काम पुरे केले, अशी दंतकथाही तिच्याभोवती रुजली. कथा खरी-खोटी असो, लोकांना कसा बांधकामप्रमुख हवा होता हे तिच्यावरून कळते. काम अडले असता मालकाकडे वाढीव बिल न नेणारा! अर्थात, असा माणूस दंतकथेतच भेटतो, आणि तसा भेटावा या अपेक्षेने व्यवहार करणे हे कारागिरावरही अन्यायाचे आहे.

२. घाटातले धडे

आधुनिक अर्थाचा ठेका महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर आला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, सार्वजनिक बांधकाम खाते आणि रेल्वे यांच्याबरोबर. त्याचा सर्वांत बोधप्रद अध्याय बोरघाटात घडला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने घाटातील लोहमार्गाचे काम विल्यम फेव्हिएल या इंग्रज कंत्राटदारास दिले होते. त्याच्या हाताखाली पोटकंत्राटदार, त्यांच्या हाताखाली मुकादम आणि सर्वांत शेवटी हजारो मजूर अशी उतरंड होती. वरून निघालेला पैसा खालपर्यंत वेळेवर पोहोचत नव्हता. १८५९ च्या आरंभी थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगल उसळली आणि त्याच वर्षी फेव्हिएलने कंत्राट सोडले. पुढे ते सॉलोमन ट्रेडवेल याने घेतले. पण भारतात पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत तो मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट परत केले नाही. जाणकार अभियंते नेमून तिने काम चालवले आणि १८६३ च्या एप्रिलमध्ये घाट वाहतुकीस खुला झाला.

या कथेतून दोन गोष्टी निघतात. पहिली ही, की काम बिघडते ते बहुधा मुख्य कंत्राटदाराच्या अज्ञानाने नव्हे, तर त्याच्या आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्या माणसाच्या मधल्या उतरंडीने. दुसरी ही, की कंत्राट निभावणे हे स्थापत्याच्या ज्ञानापेक्षा वेगळे कौशल्य आहे. योग्य माणसे नेमणे, पैसा वेळेवर हलवणे आणि अंगावर घेतलेले काम न टाकणे, हे ते कौशल्य. ॲलिस ट्रेडवेल अभियंता नव्हती, पण कंत्राटदार म्हणून ती उतरली.

याच सुमारास पुण्यात एक मराठी कंत्राटदार काम करीत होता, त्याचे नाव जोतीराव फुले. येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा अशा कामांशी त्यांचा व्यावसायिक संबंध होता. आपण वाङ्मयाच्या वर्गात फुले शिकवतो तेव्हा ‘गुलामगिरी’ (१८७३) आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ शिकवतो. त्यांच्या चरितार्थाचा हा भाग तळटीपेत राहतो. वास्तविक इंजिनियर खात्यातील लबाडीवर त्यांनी पवाडा रचला, तो बाहेरून पाहून नव्हे. मोजमाप कसे लिहिले जाते, हजेरीपट कसा भरतो, बिल कोठे अडते, हे त्यांनी व्यवहारात पाहिले होते. मुंबईत स्थायिक झालेल्या तेलुगू बांधकाम-व्यावसायिकांपैकी काहींनी सत्यशोधक समाजाला आधार दिला, हाही योगायोग मानता येणार नाही. मराठीतील सामाजिक समीक्षेचा एक मोठा प्रवाह बांधकामाच्या जागेवरून वाहत आला आहे. म्हणून ‘ठेकेदार’ हा शब्द सरसकट शिवीसारखा वापरताना थोडे थांबावे.

३. १८७२ : एक घर, तीन उदाहरणे

गेलेल्या संबंधाची जागा कागदाने भरून काढण्याचा सर्वांत व्यापक प्रयत्न म्हणजे १८७२ चा भारतीय करार कायदा. तो आजही लागू आहे. कायद्याची भाषा रुक्ष असते हे खरे, पण या कायद्याची एक लकब साहित्याच्या विद्यार्थ्याने पाहावी अशी आहे. प्रत्येक तत्त्वाखाली तो लहान लहान उदाहरणे देतो, आणि त्यांत ‘अ’ आणि ‘ब’ नावाची दोन पात्रे वावरतात. त्यांची जहाजे बुडतात, धान्य सडते, गायिका नाटकगृहात येत नाही. या उदाहरणांत घराच्या दुरुस्तीची आणि बांधणीची उदाहरणेही आहेत.

त्र्याहत्तराव्या कलमाखाली एक उदाहरण येते. ‘अ’ने ‘ब’चे घर विशिष्ट रीतीने दुरुस्त करण्याचे पत्करले आणि पैसे आगाऊ घेतले. दुरुस्ती केली, पण ठरल्याप्रमाणे केली नाही. अशा वेळी ती दुरुस्ती ठरल्याबरहुकूम करून घेण्यास जो खर्च येईल तो ‘ब’ला मिळाला पाहिजे. त्याच कलमाखाली दुसरे उदाहरण आहे. बांधकाम करणाऱ्याला ठाऊक होते की अमुक तारखेला मालक हे घर भाड्याने देणार आहे. त्याने ते इतके वाईट बांधले की तारखेपूर्वीच ते पडले. पुन्हा बांधण्याचा खर्च, बुडालेले भाडे आणि भाडेकरूला द्यावी लागलेली भरपाई, सारे त्याने सोसावे. येथे कळीचा मुद्दा ‘ठाऊक होते’ हा आहे. घर कोणत्या तारखेला का हवे आहे, हे ठेकेदाराला आधी सांगितलेले असेल तरच त्या तारखेच्या नुकसानीला आधार मिळतो. ‘लग्न मार्गशीर्षात आहे’ हे वाक्य चहाच्या कपावर बोलून सोडण्याचे नव्हे, कागदात लिहिण्याचे आहे.

तिसरे उदाहरण सदुसष्टाव्या कलमाखाली आहे आणि ते मालकाला अडचणीचे आहे. ‘अ’ने ‘ब’चे घर दुरुस्त करण्याचे पत्करले. पण घर कोठे कोठे दुरुस्त करायचे आहे हे दाखवण्याची ‘ब’ने टाळाटाळ केली. त्यामुळे काम झाले नाही तर दोष ‘अ’चा नाही. दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेल्या या दोन ओळींत घरदुरुस्तीतल्या निम्म्या भांडणांचे मूळ सापडते. आपल्याला काय हवे आहे हे आपल्यालाच ठाऊक नसते. भिंत पाडल्यावर खिडकी सुचते, स्लॅब पडल्यावर जिना हलवावासा वाटतो, आणि या प्रत्येक सुचण्याला ‘जादा काम’ म्हणतात. जादा कामाचा दर आधी ठरलेला नसतो, म्हणून शेवटी तो ठेकेदार ठरवतो. निवड ठेकेदाराची करायची असते तशी आपल्या इच्छांचीही आधी करायची असते.

४. कवेलूपासून स्लॅबपर्यंत

नागपूरच्या घरांचा इतिहासही या संदर्भात पाहिला पाहिजे, कारण आजची ‘वाढ’ त्या घरांच्या अंगाखांद्यावरच उभी राहते. महाल, इतवारी या जुन्या भागांतील वाड्यांचे बांधकाम दगडी जोते, सागवानी खांब-तुळया, चुन्यातल्या विटा आणि वर कवेलू असे होते. भोसल्यांचा कोरीव लाकूडकामाने नटलेला राजवाडा १८६४ मध्ये आगीत नष्ट झाला; पुण्याचा शनिवारवाडाही त्यापूर्वी, १८२८ मध्ये, असाच जळाला होता. शनिवारवाडा तर टप्प्याटप्प्याने वाढत गेलेल्या घराचे उत्तम उदाहरण. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या मूळ वास्तूत पुढच्या पेशव्यांनी तट, बुरूज, दिवाणखाने, कारंजी यांची भर घातली. लाकडी सांगाड्याच्या घरात अशी भर घालणे सोपे असते. एक खण जोडावा, एक तुळई बदलावी. भार कोठून कोठे जातो हे डोळ्यांना दिसते.

नागपूर सुधार प्रन्यासाची स्थापना १९३६ च्या कायद्याने झाली आणि शहर ‘ले-आऊट’मध्ये वाढू लागले. नागपूरकराच्या पत्त्यात ले-आऊट हा शब्द जितका सहज येतो तितका महाराष्ट्रात क्वचितच कोठे येत असेल. पण सगळे ले-आऊट मंजूर नव्हते. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेल्या भूखंडांवर हजारो कुटुंबांनी घरे बांधली. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानंतर ‘५७२’ आणि ‘१९००’ हे आकडे नागपुरात ले-आऊटच्या यादीची नावे म्हणूनच रूढ झाले. म्हणून येथे घर वाढवताना पहिला प्रश्न ठेकेदाराचा नसतो, कागदाचा असतो. भूखंड नियमित झाला आहे काय, नागपुरी बोलीतली ‘आर. एल.’ हाती आहे काय, वरच्या मजल्याचा नकाशा मंजूर होईल काय? ‘नकाशाचे मी पाहून घेतो, तुम्ही काम सुरू करा’ असे म्हणणारा ठेकेदार पहिल्याच भेटीत नाकारण्याजोगा असतो. बांधकाम पाडण्याची नोटीस आली तर ती मालकाच्या नावाने येते.

दुसरा बदल सामानाचा. चुना गेला, सिमेंट आले आणि त्याबरोबर ठेकेदाराचे कामच बदलले. स्वातंत्र्यानंतर दीर्घ काळ सिमेंटवर नियंत्रण होते. ते परवान्यावर मिळे. सिमेंटचे वाटप आणि देणग्या यांच्या संबंधावरून गाजलेल्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर १९८२ च्या जानेवारीत मुख्यमंत्री अंतुले यांना पद सोडावे लागले. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ मध्ये पूर्ण उठले. परवान्याच्या त्या काळात चांगला ठेकेदार म्हणजे सिमेंट मिळवू शकणारा ठेकेदार, अशी व्याख्या होऊन बसली. बांधण्याचे कौशल्य मागे पडले, ‘व्यवस्था’ करण्याचे पुढे आले. भाषेने ठेकेदाराविषयी जो प्रतिकूल निकाल दिला, त्याला या काळाने बराच पुरावा पुरवला असावा. टंचाई गेली, पण ‘ओळखीचा माणूस आहे, सगळे करून देतो’ ही त्या काळची शिफारस अजून चालू आहे.

तिसरी गोष्ट दिसण्याची. लाकडी घरात भार दिसत असे. सिमेंट-काँक्रीटच्या घरात तो दिसत नाही. सळाख किती जाडीची आणि किती अंतरावर बांधली हे स्लॅब ओतण्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंतच पाहता येते, नंतर ते कायमचे झाकले जाते. जुन्या एकमजली घराच्या विटांच्या भिंतींवर वरचा मजला चढवावा की नाही, हे भिंतीकडे पाहून कळत नाही. पायाशी खड्डा घेऊन त्याची खोली-रुंदी आणि खालची जमीन पाहावी लागते. नागपुरात काही भागांत मुरूम लवकर लागतो, काही भागांत काळी माती खोल जाते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीला तिरक्या भेगा पाडते. शिवाय येथला उन्हाळा. मे महिन्यात ओतलेल्या काँक्रीटमधले पाणी झपाट्याने उडते. भारतीय मानक ४५६ साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस आणि राख वगैरे मिसळलेल्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान दहा दिवस ओलावा राखण्यास सांगते. कोरड्या-उष्ण हवेत त्याहून अधिक. ठेकेदार निवडताना ‘पाणी कोण मारणार आणि किती दिवस?’ हा प्रश्न विचारावा. उत्तर चटकन आणि नेमके आले तर त्या माणसाने स्लॅब पाहिलेले आहेत असे समजावे. मात्र सळाखीचा हिशेब हा ठेकेदाराचा विषय नव्हे. तो स्वतंत्र संरचना-अभियंत्याकडून करून घ्यावा, आणि त्या अभियंत्याचे शुल्क ठेकेदाराने न देता मालकाने द्यावे.

५. कामाचे चार प्रकार

आजही काम देण्याच्या रीती चारच आहेत, आणि प्रत्येकीत मोहाची जागा वेगळी आहे. रोजंदारीत काम लांबते, कारण दिवस वाढले की मजुरी वाढते. सामानासह उक्ते दिले तर सामान पातळ होते, कारण वाचलेली सिमेंटची गोणी ठेकेदाराची असते. सामान मालकाचे आणि मजुरी चौरस फुटावर, या नागपुरात फार रूढ असलेल्या रीतीत घाई होते, सामानाची नासाडी होते आणि काम उरकले जाते. बाबवार मोजून, म्हणजे वीटकाम इतके, गिलावा इतका, असा दर ठरवला तर व्यवहार सर्वांत न्याय्य होतो. पण मालकाला मोजमाप कळावे लागते, निदान रेती-गिट्टीचा ब्रास म्हणजे शंभर घनफूट, हे तरी ठाऊक असावे लागते. तेव्हा ‘कोणता ठेकेदार चांगला?’ या प्रश्नापूर्वी ‘यांपैकी कोणत्या मोहावर मला लक्ष ठेवता येईल?’ हा प्रश्न येतो. ज्याला दिवसभर कामावर थांबता येते त्याने सामान आपले ठेवावे. ज्याला येत नाही त्याने सामानासह द्यावे, पण सामानाचा प्रकार, प्रमाण आणि तपासणीचा टप्पा लिहून घ्यावा.

सरकारी बांधकामाने सर्वांत कमी दराच्या निविदेची सवय आपल्याला लावली, तिच्याबरोबरच्या संरक्षक गोष्टी मात्र आपण घेतल्या नाहीत. सरकार कमी दराला काम देते, पण अनामत ठेवते, मोजमापपुस्तिका ठेवते, बिलातून काही टक्के राखून ठेवते आणि दोषदुरुस्तीची मुदत संपल्यावर ते सोडते. घरमालक दर तेवढा सरकारसारखा पाहतो आणि पैसे मात्र नातेवाइकासारखे देतो. आगाऊ रक्कम कमी, नंतरचे हप्ते जोते, स्लॅब, गिलावा अशा पुऱ्या झालेल्या टप्प्यांवर, आणि शेवटचा थोडा हिस्सा एक पावसाळा गेल्यावर, एवढी रीत पाळली तरी बलुत्याच्या काळातला तो ‘पुढच्या पावसाळ्यात सापडणारा’ कारागीर थोडाफार परत मिळतो. जुने कामही असेच पाहावे. ठेकेदार दाखवतो ते नवे रंगवलेले घर पाहून काही कळत नाही. त्याने पाच वर्षांपूर्वी बांधलेल्या घराची गच्ची, न्हाणीघराची मागली भिंत आणि जुन्या-नव्या बांधकामाचा सांधा पाहावा. घर वाढवण्याची खरी परीक्षा त्या सांध्यात असते. आणि बिघडलेच तर घरबांधणी ही १९९३ च्या दुरुस्तीपासून ग्राहक कायद्यात ‘सेवा’ मानली गेली आहे, २०१९ च्या नव्या कायद्यातही ती आहे. फक्त तेथे जाताना हातात कागद लागतो.

मालक स्वतः शिकला तर काय होते याचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा प्रयोग ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर झाला. सर्वाधिक हानी झालेली बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. तेथे घरे बांधून मिळाली. कमी हानी झालेल्या गावांतील लाखाहून अधिक घरांच्या दुरुस्तीत मात्र मालकाच्या हाती टप्प्याटप्प्याने साहाय्य देऊन त्यानेच काम करून घ्यावे, अभियंत्याने मार्गदर्शन करावे, अशी पद्धत अवलंबली. जाड दगडी भिंत दोन पाखांत फुटू नये म्हणून आरपार दगड कसा घालावा, कोपरे कसे बांधावेत, माळवदावरची माती का कमी करावी, हे हजारो कुटुंबांनी आपल्या घरावर शिकून घेतले. ज्याला घरातले थोडे कळू लागते त्याला ठेकेदारही वेगळा भेटतो. कारण समोरच्याला कळते आहे हे ठेकेदारालाही कळते.

६. करारात नसलेला माणूस

एवढे झाल्यावरही या व्यवहारातला एक माणूस बाहेरच राहतो. करार मालक आणि ठेकेदार यांच्यात होतो. भिंत मात्र तिसराच कोणी उचलतो. पश्चिम महाराष्ट्रात बांधकामावरच्या अकुशल मजुराला आजही ‘बिगारी’ म्हणतात. वेठबिगारीतला, म्हणजे फुकट राबवून घेण्यातला, हा शब्द. रोजी घेणाऱ्या माणसाच्या अंगावर तो तसाच चिकटून राहिला आहे. आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासात बांधकामावरचा एक मृत्यू अगदी आरंभीच नोंदलेला आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असता कूस ढासळले आणि इतर मजुरांबरोबर चोखोबा त्याखाली गेले, शके १२६०, असे परंपरा सांगते. आपण तो मृत्यू संतचरित्रातला प्रसंग म्हणून शिकवतो. तो एका मजुराचा कामावरचा मृत्यू होता, गावाच्या कामावर सक्तीने नेलेल्या माणसाचा, हे सहसा सांगत नाही. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा व्हायला त्यानंतर साडेसहाशे वर्षे, १९९६ साल उजाडावे लागले.

नागपूरच्या चौकाचौकांत सकाळी मजुरांचा ठिय्या भरतो. डबा आणि थापी घेतलेले मिस्त्री, रेजा, छत्तीसगडकडून आलेली कुटुंबे. आपण निवडलेला ठेकेदार तेथूनच माणसे उचलणार असतो. महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) विदर्भातलेच. ढासळत्या वाड्यातल्या माणसांचे दुःख त्याने आपल्याला शिकवले. पण वाडा ज्यांनी बांधला त्यांची गोष्ट मराठी नाटकात वा कादंबरीत अजून फारशी आलेली नाही. ती येईल तेव्हा येवो. तोवर घरमालकाने निदान एवढे करावे : तीन ठेकेदारांचे दर मागवताना तिघांनाही आणखी दोन प्रश्न विचारावेत. मजुरांचा चुकारा कोणत्या दिवशी करता? आणि पहाडावरून कोणी पडला तर दवाखान्याचा खर्च कोणाचा? पहिल्या प्रश्नाने कामाचा भरवसा कळतो, कारण ज्याचा चुकारा तटतो त्याचे मजूर दुसऱ्या कामावर जातात आणि आपली भिंत अर्धी राहते. बोरघाटात तेच झाले होते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर काहीही येवो, ते करारनाम्यात लिहून घ्यावे; आणि त्या खर्चासाठी दर थोडा वाढवून मागितला तर त्या ठेकेदाराला केवळ तेवढ्यावरून बाद करू नये.